माहेर मानेवाड्याचं, सासर जरीपटक्याचं: मनपाला मत कुठं?

प्रश्न: लग्न होऊन नागपुरातच मानेवाड्याहून जरीपटक्यात आले, नाव मात्र अजून माहेरच्याच मतदार यादीत आहे. नवा फॉर्म ६ भरू का? पाण्याचा त्रास इथे काढते, नगरसेवकही मला इथलाच निवडायचा आहे.

उत्तर: ताई, ६ नका भरू, तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. पत्ताबदलाला फॉर्म ८. आणि आत्ताच भरा. मनपाची वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात. ती फुटल्यावर कितीही धावपळ केली तरी नवं नाव चढत नाही. नुसत्या मतदार कार्डावर विसंबू नका बाप्पा, यादीत नाव पाहाच. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा! पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल यांच्या नावाचं आहे, चालेल?

उत्तर: नवऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर चालते.

आणखी एक उत्तर: मतदानाचंही सांगते. नागपुरात ३८ प्रभाग, नगरसेवक १५१. एक सोडून सगळे प्रभाग चार जागांचे. म्हणजे चार मतं. माझी आई एकच बटण दाबून निघाली होती, केंद्रावरच्या बाईंनी थांबवलं. एखाद्या जागेला कोणीच पटत नसेल तर तिथं 'नोटा' (यापैकी कोणीही नाही) हे बटण दाबा. सासूबाईंनाही आधीच समजावून ठेवा.