रावेर: केळीच्या बागेत टॉवरचे खुंटे ठोकून गेले, न विचारता शेतात घुसता येतं का?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. आमची टिश्यू कल्चरची केळी आहे, आत्ताच निसवायला (घड बाहेर पडायला) लागली. मागच्या आठवड्यात हायटेन्शन लाइनवाले आले, बांधावरून गाडी घातली, ठिबकच्या नळ्या तुडवत बागेत चार लाल खुंटे ठोकले. आबांनी विचारलं तर साइटवरचा माणूस म्हणे सरकारी काम आहे काका, तुमची परवानगी लागत नाही, आणि वरून एका छापील कागदावर सही मागत होता, रकमेची जागा कोरी! सही दिली नाही. खरंच परवानगी लागत नाही का? अडवलं तर केस होते का? टॉवर उभा राहिला की ती जागा गेलीच का? आबा रात्र रात्र जागे असतात, कोणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

शिरपूरकर
सही दिली नाही हे लई चांगलं केलं भाऊ. आमच्या शेतातून २२० केव्हीची लाइन गेली तेव्हा सगळा गाव काम अडवायच्या मागे लागला आणि पंचनाम्याकडे कोणाचं लक्षच नाही. शेजारच्या दादाची बाग आधी तोडली, पंचनामा नंतर, मग झाडं किती होती यावरच भांडण, दादा सांगे एक आकडा आणि कागदावर दुसराच. म्हणून आजच ओळी मोजा, निसवलेली झाडं वेगळी, पिलबाग (पिलांवर धरलेलं पुढचं पीक) असेल तर ती वेगळी, ठिबक, पाइपलाइन, बांधावरचा निंब सगळं लिहा, तारीख आणि लोकेशन येणारे फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि कंपनीचा माणूस तिघं समोर पाहिजेत आणि कॉपी तिथल्या तिथं मागा.

धुळे_कोर्ट
वकिली करतो म्हणून जरा लांबण लावतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार लाइन टाकणाऱ्या कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं, आणि तसा आदेश असेल तर मालकाची आधी संमती लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्समध्ये तेच सांगितलं. टेलिग्राफ कायदा रद्द झाला असं कोणी सांगेल तर फसू नका, २०२३ च्या नव्या टेलिकॉम कायद्याने ट्रान्समिशन लाइनसाठी तो भाग चालूच ठेवलाय.

पण टेलिग्राफ कायद्याचं कलम १० नीट वाचा. कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी नाही, सातबारा तुमचाच राहतो. नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची हे त्यांच्यावर बंधन आहे. तुम्ही अडवलं तर कलम १६ खाली त्यांनी जिल्हाधिकाऱ्याकडून आदेश आणायचा. तो आल्यावर अडवलं तर मात्र गुन्हा होतो, तिथपर्यंत ताणू नका. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. तेव्हा पहिलं काम, कंपनीकडे १६४ च्या आदेशाची प्रत लेखी मागा आणि पोच घ्या.

केळीवाला_रावेर
खूप आभार वकील साहेब, आबांना वाचून दाखवलं. तारांखाली केळी लावता येईल का? आणि पैसे फक्त टॉवरच्या चार पायांच्या जागेचे मिळतात असं गावात सगळे म्हणतात.

धुळे_कोर्ट
गावात म्हणतात तिथंच तर लोकांचं नुकसान होतं! टॉवरचं क्षेत्र पायांच्या बाहेर प्रत्येक बाजूला १ मीटर धरून मोजतात, म्हणजे पाय ८ बाय ८ मीटरवर असतील तर ६४ नाही, १०० चौरस मीटर. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ६६ केव्ही आणि वरच्या लाइनला टॉवरच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के आहे. समजा पट्टा ३५ मीटर रुंद आहे. लाइन तुमच्या शेतातून ३०० मीटर गेली तर १०,५०० चौरस मीटर, हेक्टरच्या वर! खरी रक्कम त्या पट्ट्यात आहे आणि तीच मागायची राहून जाते. पिकांची, झाडांची भरपाई याच्या वेगळी. राज्याचा स्वतःचा जीआर असतो, तुमच्या लाइनला कुठला दर लावला ते प्रांताधिकाऱ्याकडे लेखी विचारा. पट्ट्यात कापूस, केळी करता येते, पण आंबा, साग, बांबू वाढू देणार नाहीत आणि घर बांधता येणार नाही.

साक्रीकर
आमच्याकडे पवनचक्की, सोलारवाले पण असेच घुसतात. त्यांनाही कागद मागावा का?

धुळे_कोर्ट
आधी मागा. १६४ चा आदेश नसेल तर लायसन्सवाल्या कंपनीलासुद्धा वीज कायद्याखालच्या २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती घ्यावी लागते, मालकाने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्याची लेखी परवानगी. हरकत तोंडी नको, अर्ज द्या आणि आवक नंबर घ्या. रावेरवाले भाऊ, ती कोरी सही कोणी घरी येऊन मागितली तरी देऊ नका, आबांना एकट्याला गाठतील.