‘इको-फ्रेंडली’ लिहिलेलं सामान खरंच तसं असतं का, कसं ओळखायचं? सांगली-मिरजेत काय मिळतं?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही आठ दिवस विश्रामबागेत मावशीकडे होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तर गाळ होताच, पण मला आजही आठवतं ते खिडक्यांच्या गजांना आणि घाटाकडच्या झाडांना लटकलेलं प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, कुणाच्या तरी दुकानाच्या कॅरीबॅगा. त्यातलं थोडं तरी आमच्याच घरातून गेलेलं असणार असं तेव्हा वाटलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. २०२१ ला परत तेच बघितलं.

तर यंदा संक्रांतीपासून मी आणि मिस्टरांनी ठरवलं की घरातलं सामान हळूहळू बदलायचं. ऑनलाइन बघून बांबूचे ब्रश, कचऱ्यासाठी ‘कंपोस्टेबल’ पिशव्या, एक ‘नॅचरल’ म्हणून कपड्यांचं लिक्विड असं सगळं मागवलं. ब्रश आले ते बबल रॅपमध्ये गुंडाळून, वरून प्लास्टिकची टेप. पिशवीचं म्हणाल तर एक मुद्दाम कुंडीतल्या मातीत पुरून ठेवली, चार महिन्यांनी उकरली तर जशीच्या तशी, फक्त जरा मऊ पडलेली. त्यांच्या कस्टमर केअरला विचारलं तर म्हणाले मॅडम ती घरच्या कुंडीत नाही विरघळत. मग पाकिटावर हिरवं पान कशाला छापलंय? पैसे जवळजवळ दुप्पट गेले त्याचं वाईट वाटतंच पण फसवणूक झाल्यासारखं वाटलं ते जास्त लागलं.

मला विचारायचंय की खरं-खोटं ओळखायचं कसं, तुम्ही स्वतः वापरून चांगल्या वाटलेल्या कंपन्या कोणत्या, आणि आपल्याकडे जवळपास काय मिळतं. घरात पाच माणसं आहेत, दोन शाळकरी मुलं, त्यामुळं फार महाग झेपणार नाही.

पॅकिंगवाला (कुपवाड)

ताई, मी पॅकेजिंगच्या लाइनमध्येच आहे, गेली चौदा वर्षं. तुमच्या पिशवीचं काय झालं ते सांगतो.

कंपोस्टेबल प्लास्टिक म्हणजे बहुतेक मक्याच्या वगैरे स्टार्चपासून आणि त्यात दुसरे पॉलिमर मिसळून केलेलं असतं. त्याची टेस्ट होते ती साधारण ५८ डिग्रीला, कंपोस्टचा मोठा ढीग आतून जेवढा तापतो तेवढ्या उष्णतेला. तिथं ते सहा महिन्यांत जवळपास सगळं मोडलं पाहिजे असा नियम. आता कुंडीतल्या मातीला ५८ डिग्री कुठून येणार ओ? म्हणून ती तशीच राहिली. पिशवी कदाचित खरी असेल, पण ती जिथं मोडते तशी सोय आपल्या घरी नाही हे त्यांनी मोठ्या अक्षरात सांगायला हवं होतं, ती चूक त्यांचीच.

दुसरं म्हणजे ‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘कंपोस्टेबल’ एकच नाही. कंपोस्टेबल विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, पिशवीवर तसं छापलेलं असतं, आयएस/आयएसओ १७०८८ हा कंपोस्टेबलच्या मानकाचा नंबरही बघायचा. यातलं काही नसेल आणि नुसतं पान नाहीतर पृथ्वीचं चित्र असेल तर मी तरी हातात घेत नाही.

साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगला २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून किमान १२० मायक्रॉन जाडी लागते. आणि आपल्या राज्यात तर २०१८ च्या मार्चपासूनच बंदीचा नियम आहे, तरी भाजीवाल्याकडं पातळ पिशवी अजून मिळतेच हे आपण सगळे बघतो.

सरकारचा इकोमार्क म्हणून एक शिक्का आहे, मातीच्या माठाचं चित्र. योजना १९९१ ची, २०२४ ला नवीन नियम आले. पण खरं सांगू का, दुकानात फिरलात तर तो माठ क्वचितच दिसेल. जास्त उपयोगी पडेल ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावानं केलेल्या खोट्या दाव्यांवर, काढलेली नियमावली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असलं काही लिहिलं तर कशाच्या जोरावर लिहिलं ते कंपनीनं सांगायला पाहिजे, पुरावा पाहिजे. तुमच्याकडे पाकीट आणि बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. पैसे किती, त्याचा विचार करू नका. तक्रारीच नसतील तर कोण कशाला सुधारेल.

अजून एक राहिलं, रिफिल पाऊच. लिक्विडचं पाऊच घेतलं की आपल्याला वाटतं बाटली वाचली. ते पाऊच दोन-तीन थरांचं असतं, एकमेकांना चिकटवलेलं, भंगारवाला ते हातात धरत नाही. उलट जाड कॅन, बुडाला त्रिकोणात २ आकडा असलेला, तो आनंदानं नेतो कारण त्याला भाव येतो. मी घरी हाच नियम केलाय, आमच्या गल्लीतला भंगारवाला जे घेतो त्यातच सामान घ्यायचं. पाच लिटरचा कॅन घेतो, तो मोडेपर्यंत तोच भरून आणतो.

नुसता वाचक (तासगाव)

हाच प्रश्न माझ्याही डोक्यात होता, फॉलो करतोय. पॅकिंगवाले दादा, पाऊचचं माहीत नव्हतं, आम्ही दोन वर्षं पाऊचच आणतोय.

मिरजेची काकू

कृष्णाकाठची, तुझं वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. मी सहा-सात वर्षांत जे वापरलं तेवढंच सांगते, ऐकीव नाही.

बांबूच्या ब्रशचे दांडे चांगले, पुण्याच्या बांबू इंडियाचे मी घेते. पण बाई, केस नायलॉनचेच असतात बहुतेक सगळ्या ब्रशांचे, ते पकडीनं उपटून काढायचे आणि मग दांडा मातीत टाकायचा, हे लोकांना माहीतच नसतं. पाळीसाठी माझ्या दोन्ही मुली ऑरोव्हिलच्या इको फेमचे कापडी पॅड वापरतात. धाकटीचे चार वर्षं झाली, अजून धड आहेत. पहिल्यांदा पैसे जातात पण मग दर महिन्याला ते गुंडाळून कचऱ्यात टाकणं नाही, आणि ते वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागणं नाही. मला त्याचंच जास्त समाधान आहे.

कपड्यांच्या लिक्विडला मी आता रिठाच वापरते. बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात सुटा मिळतो. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, रात्री भिजवायचे, सकाळी एक उकळी आणून गाळायचे. लोकरीचे, रेशमी कपडे यात फार छान निघतात. पण पोरांच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर नाही निघत, तिथं साबण लागतोच, उगाच खोटं कशाला सांगू. रोजच्या कपड्यांना पुरतं.

फरशीला बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवायचं. बरणी काचेची घेऊ नकोस, गॅस धरतो आणि फुटते, जुनी प्लास्टिकची बाटलीच बरी, पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. गूळ आपल्याकडं काय कमी आहे का! भांड्यांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, माझ्या परसात वेल आहे त्याचीच.

आणि कचऱ्याच्या पिशवीवर खर्चच करू नकोस. ओला कचरा घरात जिरला की पिशवी लागतेच कशाला? कचऱ्याचं खत करायला बंगळूरच्या डेली डंप कंपनीचे मातीचे तीन मजली खांब मिळतात, मी सुरुवातीला तो मागवला होता, छान आहे. नंतर वाटलं हे आपला कुंभार पण करून देईल, म्हणून इथंच ओळखीच्या कुंभाराकडनं बाजूला भोकं असलेले तीन माठ करून घेतले. पाच वर्षं झाली, त्यावरच चाललंय.

उसवाला (वाळवा तालुका)

राम राम. काकूंचं बरोबर हाय, घरात जिरवायचं ते घरातच जिरवा.

मी शेतकरी हाय, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. लग्नाकार्याला थर्माकोलच्या पत्रावळ्या २०२२ च्या जुलैपास्नं देशभर बंद झाल्या, तेव्हापास्नं सगळी कागदी ताटं आणत्यात आणि त्यास्नी वाटतं लय चांगलं काम केलं. त्या कागदाला आतनं प्लास्टिकचा पातळ थर असतोय, नायतर आमटी गळंल की. चहाच्या कागदी कपाला बी तेच. त्यापेक्षा उसाच्या चोयट्याची, म्हंजे रस काढून ऱ्हायलेल्या बगॅसची ताटं बगा. चक म्हणून एक कंपनी हाय उत्तरेतली, तिची मिळत्यात. ऊस आपला, चोयट्या आपल्या कारखान्याच्या दारात, आणि ताटं अयोध्येहून येत्यात, हे मात्र मनाला खटकतंय बगा. जिल्ह्यात कुणी पोरानं हा धंदा घातला तर पयला गिऱ्हाईक मी. घेताना एवढं इचारा की तेल धरू नये म्हणून वरनं काय केमिकल मारलंय का, काही मालाला तसलं असतंय. आणि पळसाची पत्रावळ कुठं मिळाली तर मग प्रश्नच मिटला. आमच्या बारशाला जुन्या बाजारातनं पाचशे आणल्या हुत्या.

पाचट, म्हंजे उसाचा वाळका पाला, जाळू नका म्हणून आता सगळे सांगत्यात, पर ‘आरती’ ह्या पुण्याच्या संस्थेनं लय आधीच पाचटापास्नं कोळसा करायची रीत काढली, त्यास्नी २००२ ला इंग्लंडचं ॲश्डेन बक्षीस मिळालं हुतं. त्यांचं काम आपल्या फलटणला बी चालायचं. त्या कोळशाच्या कांड्यांवर चालणारा सराई कुकर माझ्या बहिणीकडं हाय, शंभर ग्रॅम कांड्यात चार माणसांचा वरण-भात हुतोय, शेगडीजवळ उभं ऱ्हायला लागत न्हाई.

हळदीबद्दल एक बोलतो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हंजे गावाच्या नावाचं सरकारी मानांकन मिळालं, आणि तरी आपण बाहेरच्या कंपनीचं छोटं चकाकतं पाकीट आणतो. वर्षाची हळकुंडं वळखीच्या शेतकऱ्याकडनं घ्या, गिरणीत दळून आणा, बरणीत भरा, बारा पाकिटं वाचली. आमचा आजा हरिपूरच्या पेवात हळद ठेवायचा, जमिनीतला खड्डा, आत शेणामातीचं लिंपण, वर्षानुवर्षं माल टिकायचा, कसलं प्लास्टिक न्हाई की औषध न्हाई. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आजा त्या दिवशी जेवला नव्हता. आणि ‘सेंद्रिय’ म्हणून कुणी दुप्पट भाव लावला तर जैविक भारतचा शिक्का हाय का बगा, नसंल तर रानात जाऊन बगा, खरा शेतकरी रान दाखवायला नको म्हणत न्हाई.

वायरमन काका (सांगलीवाडी)

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे. पण मला वाटतं ब्रश आणि जाळीपेक्षा जास्त फरक घराच्या लाईट बिलात पडतो आणि त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा २८ ते ३० वॅट. म्हणजे ४५ वॅटचा फरक, दिवसाला बारा तास धरा, एका पंख्यामागे अर्धा युनिट वाचतो. घरात चार पंखे असतील तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशावर होते. ॲटमबर्ग, ओरिएंट, क्रॉम्प्टन सगळ्यांचे आहेत, २०२३ पासून पंख्यावर बीईईचे, म्हणजे वीज बचतीचे सरकारी स्टार सक्तीचे झालेत, स्टार बघून घ्या, कंपनीचं नाव नंतर. एकदम चार नको, जो सर्वात जास्त चालतो तो आधी बदला.

स्वतःची गच्ची असेल तर सोलरचं बघा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट येतात असं धरून चाला, पावसाळ्यात कमी. आणि गावभागात बसवत असाल तर इन्व्हर्टर तळमजल्यावर कधीही बसवू नका, २०१९ नंतर मी कितीतरी घरांतले बोर्ड-इन्व्हर्टर भंगारात गेलेले पाहिलेत. वर, जिन्याच्या माथ्यावर.

मिरजेची काकू

वायरमन भाऊजी, पंख्याचं पटलं, तो हिशोब मी आज मिस्टरांना दाखवणार. पण ब्रश लहान गोष्ट आहे म्हणून सोडू नका हो. पंखा एकदा बदलला की कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण साली बाटलीत भरायच्या, कचरा वेगळा करायचा, हे घरातली पोरं रोज हातानं करतात. माझा नातू आता बाहेर कुठं केळं खाल्लं तर साल खिशात घालून घरी आणतो, माठात टाकायला.

कृष्णाकाठची (सांगली)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, रात्री सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या आपल्या सांगलीचा चोर गणपती बघ, मूर्ती कागदाच्या लगद्याची, विसर्जन नाही, वर्षानुवर्षं तोच, हे आपल्या गावाला शिकवायला लागतं का. पेवाचं वाचताना त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, त्यांचं माहेर हरिपूरचं.

पॅकिंगवाले दादा, १९१५ ला फोन केला, तक्रार घेतलीय, पाकिटाचा फोटो जोडलाय. आणि आमच्या भंगारवाल्याला विचारून कपाटातल्या सगळ्या डब्या-बाटल्या एकदा चाळल्या, शॅम्पूच्या पुड्या बंद करणार आता, त्या तो अजिबात घेत नाही. हॉलचा पंखा दिवाळीच्या आधी बदलणार. बाकी नवीन काहीच मागवत नाही सध्या, आहे ते लिक्विड आधी संपवते, पैसे दिलेत तर टाकून कशाला द्यायचं.

काकू, माठाचं मात्र लगेच करायचंय. पण आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये नुसती ओल असते, भिंतीसुद्धा घामेजतात, तेव्हा वास नाही का येत? अळ्या? सासूबाईंना तेवढीच एक भीती आहे.

मिरजेची काकू

येतो वास, जर नुसताच ओला कचरा टाकलास तर. एक वाटी कचऱ्यावर एक वाटी वाळका पाला, नाहीतर नारळाचा भुसा, नाहीतर सुताराकडचा लाकडाचा भुसा, हे मोजून घालायचंच. उन्हाळ्यातच दोन पोती पाला गोळा करून माळ्यावर टाकायचा, पावसात वाळका पाला मिळत नाही ही खरी अडचण. माठ विटांवर ठेव, पागोळीखाली नको. शिजवलेलं अन्न, मटणाची हाडं पावसाळ्यात टाकू नकोस. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, त्या कचराच खातात, पण फार झाल्या तर पाला वाढवायचा आणि दोन दिवस काही टाकायचं नाही. पुराचं पाणी येतंय असं कळलं की वरच्या दोन माठांतलं पोत्यात भरून गच्चीवर, खालचं तयार खत आधीच कुंड्यांत.

आणि विरजण लागतं. दह्याला लागतं तसंच. माझ्या माठातलं मूठभर जुनं खत टाकलंस की लवकर लागेल.

कृष्णाकाठची (सांगली)

बुधवारी मिरजेला दवाखान्यात यायचंय, सासूबाईंना घेऊन. डबा घेऊन येते.

मिरजेची काकू

ये. मोठा आण, घोसाळ्याच्या बिया पण देते.