मदत हवी आहे: इतिवृत्तात सगळीकडे 'विषय'च येतोय, दुसरे शब्द कुठे कुठले वापरू?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून माझं हे पहिलंच वर्ष. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली, तिचं इतिवृत्त मी लिहितेय. पहिला मसुदा खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दाखवला, ते मराठीचे रिटायर्ड शिक्षक, त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक 'विषय'भोवती गोल करून कागद परत दिला. दीड पानात २३ गोल! "विषय क्र. ४ वर चर्चा सुरू असताना पाण्याचा विषय निघाला व त्या विषयावर सभासदांनी विविध विषय मांडले" असं एक अख्खं वाक्य होतं.

मग नेटवर समानार्थी शब्द शोधले. यादी मिळते हो: मुद्दा, प्रश्न, बाब, प्रकरण, गोष्ट, मामला, मसला. पण एक काढून तिथे दुसरा घातला की भलतंच होतं. मी "सी विंगमधील गळतीचे प्रकरण" लिहिलं तर तिथल्या काकूंनी जिन्यातच थांबवलं, "प्रकरण काय गं? मी काय कोर्टात गेलेय का कोणावर?" त्यांना ते लागलं आणि मला पटलंही, कारण आपल्याकडे प्रकरण म्हटलं की एक तर कोर्टकचेरी नाहीतर कुणाचं तरी कुणाशी काहीतरी चाललंय.

तेव्हापासून मी लोक बोलताना ऐकत बसते आणि एक लक्षात आलंय की प्रत्येक शब्दाचं क्रियापद ठरलेलं आहे. विषय निघतो किंवा काढतात, आणि नको असेल तर टाळतात. मुद्दा मांडतात, तो पटतो किंवा खोडून काढतात. प्रश्न सुटतो नाहीतर भिजत पडतो, प्रकरण मिटतं किंवा दाबतात, बाब निदर्शनास आणून देतात आणि गोष्ट कुणाच्या तरी कानावर घालतात. "बाब सुटली" असं कुणी म्हणत नाही. मुद्दा हा शब्द अरबीतून आलाय, मूळ अर्थ दावा केलेली गोष्ट, म्हणूनच असेल, मुद्द्यामागे माणूस लागतो, "माझा मुद्दा असा आहे की". विषय कुणाचाच नसतो. पार्किंगबद्दल एका सभासदांनी दुचाकींसाठी वेगळी जागा मागितली होती आणि मी नुसतं "पार्किंगच्या विषयावर चर्चा झाली" लिहून मोकळी झाले, त्यात त्यांचं म्हणणंच गायब झालं. दोन वर्षांनी कुणी वही उघडली तर त्यांना काय कळणार? मला हे नीट करायचंय.

तर विचारायचं असं की 'विषय क्र.' आणि शेवटचं "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" हे बदलायचं का? आणि मसला, मामला लिहिण्यात चालतात का?

प्रतिसाद १
ताई, 'विषय क्र.' ला हात लावू नका. विषयपत्रिकेतला विषय म्हणजे नोटिशीत छापलेली ओळ, ठराव त्याच नंबरावर शोधतात. ऐनवेळचे विषयही तसेच ठेवा. मी सरकारी कार्यालयात बरीच वर्षं टायपिंग केलंय, तिथे विषय तहकूब होतो, मंजूर होतो किंवा दप्तरी दाखल होतो, पत्रावरही 'विषय' आणि 'संदर्भ' अशा दोन ओळी असतातच. पण सभेत माणूस बोलायला उठला की तिथून पुढे मुद्दा. विधानसभेतसुद्धा हरकतीचा मुद्दा, औचित्याचा मुद्दा म्हणतात, हरकतीचा विषय नाही म्हणत. मसला इतिवृत्तात नको, हिंदी वाटतो. मामला बोलताना ठीक, 'खाजगी मामला' वगैरे.

प्रतिसाद २
निम्म्या ठिकाणी दुसरा शब्द लागतच नाही. "पाण्याच्या विषयावर चर्चा झाली" ऐवजी "पाण्याबाबत चर्चा झाली". हा 'बाबत' पण 'बाब'च्याच घरातला. अरबीत बाब म्हणजे दार, आणि पुस्तकाचा भागही, आपण ज्याला प्रकरण म्हणतो तोच. गळतीसाठी सरळ 'तक्रार' लिहा, काकूंनी तक्रारच केली होती ना?

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार, तक्रार हा शब्द समोर असून सुचला नव्हता! काल रात्री बसून परत लिहिलं. "विषय क्र. ४: पाणीपुरवठा. टँकरच्या खर्चाबाबत चर्चा झाली. बी विंगच्या सभासदांनी मीटर बसवण्याचा मुद्दा मांडला. सी विंगमधील गळतीची तक्रार नोंदवून घेण्यात आली." २३ चे ९ झालेत, ते सगळे क्रमांकाचे. काकूंना वाचून दाखवलं, त्या हो म्हणाल्या. आता फक्त लिफ्टचं अडलंय. लिफ्ट दोनदा मध्येच बंद पडली हे एका आजींनी सभेत सांगितलं, त्या काही मागत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या, तर तिथे "ही बाब निदर्शनास आणून दिली" बरोबर ना? सोमवारी नोटीस बोर्डावर लावायचंय.