‘वेस्टर्न फ्लायर’ : बहुतेक लाकूड नवे बसवल्यावर नौका तीच राहते का?

प्रश्न
१९३७ साली अमेरिकेतील टकोमा येथे बांधलेली ‘वेस्टर्न फ्लायर’ ही लाकडी मासेमारी नौका प्रदीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील माँटेरे या आपल्या जुन्या बंदरात परतली. १९४० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक आणि सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स याच नौकेने कॅलिफोर्नियाच्या आखातात सुमारे सहा आठवडे समुद्री जीव गोळा करत फिरले होते. मात्र वरची केबिन बरीचशी मूळ असली तरी खालचे बहुतेक लाकूड नवे आहे, असे वाचले. मग जतन नेमके कशाचे झाले? मूळ सांगाडा आहे तसा संग्रहालयात ठेवणे अधिक योग्य नव्हते का?

प्रतिसाद १
ठेवण्याजोगा सांगाडा उरला असेल, असे मला वाटत नाही. २०१२ आणि २०१३ मध्ये ती दोनदा बुडाली आणि दुसऱ्या वेळी काही महिने पाण्याखालीच राहिली. त्याआधीची झीज वेगळीच. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक कुजवते; ते डेकच्या फटींतून झिरपते आणि आतल्या वाकांच्या, म्हणजे नौकेच्या बरगड्यांच्या, टोकांशी साचून राहते.

आमच्या घरी लाकडी होडी होती. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ती वर ओढत आणि वडील प्रत्येक खिळ्याभोवती हातोडीने ठोकून पाहत. चांगली फळी टणटणीत वाजे. गंजलेल्या खिळ्याने जिथे लाकूड काळे, मऊ पडलेले असे तिथे आवाज बसका येई. सुतार तेवढी फळी बदली, सांध्यांत कापूस ठोकून भरी आणि नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा दर्यात जाई. तीस वर्षांत अर्ध्याहून अधिक फळ्या बदलल्या असतील, पण होडी बदलली असे घरात कधी कोणी म्हटले नाही.

प्रतिसाद २
मला केबिनपेक्षा नौकेचा आकार महत्त्वाचा वाटतो. तारली, म्हणजे सार्डिन मासळी, पकडण्यासाठी बांधलेली ही पर्ससीन नौका होती. काळोख्या रात्री मासळीच्या हालचालीने पाणी चमकते, ते पाहून थव्याभोवती जाळे फिरवत आणि मग खालची दोरी आवळून त्याचा बटवा करत. ते अवजड जाळे मागच्या बाजूला रचलेले असे, म्हणून तिचा मागचा भाग ऐसपैस. नौका ७६ फूट लांब आणि २५ फूट रुंद का, याचे उत्तर या कामात आहे. माँटेरेची तारली संपत गेल्यावर तिने उत्तरेला ट्रॉलिंग, म्हणजे मागे जाळे ओढत मासेमारी, केली, अलास्काकडे खेकडे पकडले, सामन मासळीची ने-आण केली. मध्यंतरी तिचे नावही ‘जेमिनाय’ झाले. तिच्या दीर्घ आयुष्यात ते सहा आठवडे म्हणजे एक लहानशी फेरी. नव्या लाकडाबद्दल माझी तक्रार नाही. मूळ १६५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाऐवजी आता डिझेल आणि वीज या दोहोंवर चालणारी यंत्रणा आहे, हा बदल मात्र मला अधिक मोठा वाटतो.

प्रश्नकर्ता
आपल्या दोघांच्या उत्तरांनी माझा प्रश्नच बदलला. आकार हाच ठेवा असेल, तर वाकलेली, कुजलेली फळी काढल्यावर मूळ माप हाती कसे राहते?

प्रतिसाद १
आमच्या सुताराने माप कधी कागदावर घेतले नाही. काढलेली फळी तो नव्या सागावर ठेवी, तिच्या कडेने पेन्सिल फिरवी, जिथे कड कुजून गेली असेल तिथे शेजारच्या फळीचा बाक पाहून रेघ पुरी करी, आणि नवी फळी जागेवर चपखल बसल्यावरच जुनी चुलीत घालू देई.