मदत हवी आहे: व्हर्जिनियाचे मळेमालक बंडात का उतरले?

अमेरिकेतील तेरा वसाहतींच्या ब्रिटनविरुद्धच्या बंडावर अभ्यासमंडळात बोलायचे आहे. बोस्टनची बाजू स्पष्ट आहे: 1765चा मुद्रांक कायदा, 1773चा चहा कायदा, 1774मध्ये बंद केलेले बंदर आणि असंतोष संघटित करणारे सॅम्युएल अ‍ॅडम्स. अडचण व्हर्जिनियाची आहे. पॅट्रिक हेन्री, वॉशिंग्टन, जेफरसन हे तिथले बंडाचे नेते सारे जमीनदार व गुलामांचे मालक. अशा सुस्थितीतल्या वर्गाने राजद्रोहाचा धोका का पत्करावा? ‘प्रतिनिधित्वाविना कर नाही’ हे उत्तर ठाऊक आहे, पण ते एकटे पुरेसे वाटत नाही. स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. त्यात राजावरील आरोपांची लांबलचक यादी आहे, मात्र कोणता आरोप कोणाला अधिक बोचला हे त्यातून कळत नाही. तंबाखूच्या व्यवहारात मळेमालकांवर साचलेले ब्रिटिश व्यापाऱ्यांचे कर्ज, अ‍ॅपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करण्यास मनाई करणारी 1763ची राजघोषणा आणि राजाच्या बाजूने शस्त्र धरणाऱ्या, बंडखोरांच्या गुलामांना मुक्ती देऊ करणारे गव्हर्नर डनमोर यांचे नोव्हेंबर 1775चे फर्मान, ही कारणे मी टिपली आहेत. अर्थात फर्मान निघाले तेव्हा लढाई आधीच पेटलेली होती. युद्धाचा तपशील नको आहे. 1774पर्यंतच्या घटना पाहता, मळेमालकांना बोस्टनच्या बाजूला नेण्यात कर्जाचा वाटा मोठा मानावा की पश्चिमेकडील जमिनीचा, आणि तो कोणत्या पुराव्यावरून?