स्लीप वाढवण्याआधी खिडकीचा आकार बघा

वेबसाइटची ऑटोमॅटिक टेस्ट लॅपटॉपवर पास होते पण सर्व्हरवर फेल, या तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी सल्ला दिलाय: "साइट स्लो आहे, स्लीप १० टाका", म्हणजे टेस्टमध्ये दहा सेकंद नुसतं थांबा. तो मला पटत नाही. वॉटिर (ब्राउझर चालवून अशा टेस्ट करणारी रूबी लायब्ररी) मुळातच एलिमेंट, म्हणजे पानावरचं बटण किंवा लिंक, दिसेपर्यंत ३० सेकंद थांबतं. तेवढ्यात जे आलं नाही ते पुढच्या दहात येईल, ही आशा म्हणजे सकाळी ठाण्याहून फास्टमध्ये विंडो सीट मिळण्याची आशा.

महापेच्या आमच्या ऑफिसात लॉगआउटची टेस्ट फक्त रात्रीच्या हेडलेस रनमध्ये (ब्राउझर पडद्यावर न दाखवता चालतो तेव्हा) पडायची. क्रोमच्या जुन्या हेडलेस मोडमध्ये आकार सांगितला नाही तर ब्राउझरची खिडकी ८०० बाय ६०० पिक्सेलची उघडायची. एवढ्या रुंदीत आमचा मेनू तीन रेघांच्या बटणात जाऊन बसतो. लॉगआउटची लिंक डॉममध्ये (ब्राउझरने बांधलेल्या पानाच्या रचनेत) असते, पण दिसत नाही, त्यामुळे क्लिक होत नाही. क्रोमच्या ऑप्शन्समध्ये विंडो-साइझ १४००,१००० दिल्यावर तक्रार बंद. (मॅक्सिमाइझवर विसंबू नका, हेडलेसमध्ये त्याचा भरवसा नाही.)

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनात) टॅबच क्रॅश होत असेल तर तो वेगळा आजार: तिथे शेअर्ड मेमरी (क्रोमच्या प्रोसेस आपसात वापरतात ती) डीफॉल्टने ६४ एमबीच मिळते. तुमचं नेमकं कोणतं, ते फेल झाल्या क्षणीचा स्क्रीनशॉट टाकलात तर कळेल.