कोलंबस (इंडियाना): आई-बाबा पाच महिने कंटाळतील का?

कोथरूडची_पोर: नवऱ्याची कंपनीतर्फे पुण्याहून इथे बदली झाली, ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानातलं, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीवालं. मे ते सप्टेंबर आई-बाबा येतायत. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, त्यांना इथे गाडी चालवता येणार नाही, आणि बाबांना सकाळी कट्ट्यावर गेल्याशिवाय चैन पडत नाही, इथे तर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही हो. लीजही संपतंय. नवीन घर घेताना काय बघू?

डबलरोटी: ५० हजारांचं गाव आहे गं, कट्टा कुठून आणणार 😄 पण एक कर, घर डाउनटाउनपासून चालत जाता येईल असं घे, जुनं-लहान असलं तरी चालेल. आम्ही हायवेजवळ मोठं, स्विमिंग पूलवालं अपार्टमेंट घेतलं आणि सासूबाई तीन महिने बाल्कनीतून पार्किंग बघत बसल्या. शिवाय प्रवासी विमा आधी घे, जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचून.

निवृत्त_आजोबा: मी त्यातलाच एक बाबा, मुलाकडे दोनदा राहून आलो. माझा कट्टा म्हणजे तिथली लायब्ररी. आय. एम. पेई यांनी बांधलेली, पॅरिसच्या लूव्रचा काचेचा पिरॅमिड ज्यांचा तेच. समोर शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची मोठी कमान आहे, सकाळी तिच्याभोवती दोन फेऱ्या आणि मग आत एसीत पेपर. रस्त्यापलीकडे १९४२ चं चर्च, एलिएल सारिनेन यांचं. एवढ्या लहान गावात एवढे बडे आर्किटेक्ट कसे, तर कमिन्सचे तेव्हाचे प्रमुख मिलर साहेब म्हणाले की सार्वजनिक इमारतीला चांगला आर्किटेक्ट घ्या, फी आमचं फाउंडेशन देईल. आपल्याकडे कुणी असं म्हटलं असतं तर आधी फी कशाला म्हणून वाद झाला असता! संध्याकाळची मात्र सवय करावी लागते, जूनमध्ये नऊला उजेड असतो, आमच्या हिला जेवायची वेळच कळेना.

डबलरोटी: आजोबा, झाहराकोसचं आइस्क्रीम विसरलात, १९०० सालापासूनचं दुकान आहे!

निवृत्त_आजोबा: डायबिटीस आहे हो. बाहेरून बघितलं. (एकदा आतूनही.)

कोथरूडची_पोर: वा, मग लायब्ररीच्या आसपासच घर शोधते. आईचं काय पण? तिला इमारतींत रस नाही, माणसं लागतात.

डबलरोटी: मिल रेस पार्कला संध्याकाळी ने, आपले पुण्याचे बरेच जण फिरायला असतात, आई स्वतःच ओळखी काढेल. आणि मिलर हाउसची, म्हणजे त्याच मिलर साहेबांच्या घराची टूर आधीच बुक कर, जागा भरतात. चर्च बांधलं बाप सारिनेनने आणि हे घर त्याच्या लेकाने, म्हणजे एरो सारिनेनने. हॉलमध्ये मधोमध पायऱ्या उतरून खोलगट बैठक केलीये. सासूबाई ती बघून म्हणाल्या, अगं हा तर आमच्या वाड्याचा चौक, फक्त तुळस तेवढी राहिली.